कोरडी जर्सी

शनिवार, फेब्रुवारी २००६, ग्लासगो

आज कोचने पुन्हा विचारलं, "डॅनी सुधारतोय का? सोमवारी सांग." आइस हॉकी टीमच्या मॅचचे व्हिडिओ तपासणं हे माझं काम खरं, पण सांगू काय? डॅनीसारख्या चौथ्या फळीतल्या पोराला मॅच हातातून गेल्यावरच बर्फावर सोडतात. आज तर तेवढंही नाही. 'हो' म्हटलं तर आणखी एक सीझन बाकावर, 'नाही' म्हटलं तर कायमचा घरी. जर्सी अगदी कोरडी होती त्याची.

नंतर चेंजिंग रूममध्ये बघतो, तर तीच जर्सी तो नळाखाली भिजवत होता. पुटपुटला, "घरी डॅड धुतात."

कामाची शिफ्ट संपवून त्याचे डॅड न्यायला आले होते. ती ओली जर्सी हातात घेऊन त्यांनी मलाच विचारलं, "खेळला ना नीट?"

"हो," म्हणून बसलो.

आता सोमवारी 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणू?