शिडी, कुंचले आणि मोठे पातेले

आमच्या लग्नानंतर ह्यांनी रंगवलेला पहिला बोर्ड एका औषधांच्या दुकानाचा होता. हे शिडीवर, मी खाली शिडी धरून. वरून विचारायचे, "कसं दिसतंय?" मी सांगायचे, शेवटचे अक्षर जरा डावीकडे घ्या. हे चहाला उतरले तेव्हा मी हौसेने दोन पायऱ्या चढले. ह्यांनी चहा तसाच ठेवला आणि हात धरून मला खाली घेतले. "अगं, फुलासारखे हात तुझे. तू घरी सावलीत बसून अक्षरं काढ. उन्हातान्हाचं मी बघतो."

तर मी, त्यांच्या मागे राहिलेली त्यांची पत्नी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मन स्थिर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. तो त्यांच्या भरवशावर जोडते. माझे मला खात्रीने सांगता येत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. स्वयंपाकघरातले खिडकीखालचे टेबल मोडीत काढू नये. तिथेच मी जन्मभर कागदावर खऱ्या मापाची अक्षरे काढली, रेषांवर सुईने भोके पाडली. हे तो कागद बोर्डावर लावून त्यावर खडूच्या पुडीची पुरचुंडी आपटत, की भोकांतून माझे अक्षर तिकडे उमटे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी घोटून घेतलेले वळण साऱ्या रस्त्यावर झळकले, पण रंगात मी कधी कुंचला बुडवला नाही. याला लाड म्हणावे की आणखी काही, मला आजही उमजत नाही. उन्हाने ह्यांची मान सोलून निघायची. तिला मलम लावताना तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

२. मोठे पातेले नणंदबाईंना. आपला भाऊ बायकोला बादलीसुद्धा उचलू देत नाही, असे त्या चारचौघांत कौतुकाने सांगत. पातेले भरले की दोघांनी उचलावे असे आहे. मी एकटीच उचलत आले.

३. दुकान. हे कलम मी दोनदा खोडले. दुकान मुलगा चालवतो. मुलीला बोर्ड रंगवायचे आहेत. परवा जेवताना तो म्हणाला, "आई, तिला कशाला शिडीवर चढवायचं? ती घरी अक्षरं काढेल. उन्हातान्हाचं मी बघतो."

तोच सूर, तीच माया.

"दादा, पडले तर मी पडेन ना," ती म्हणाली.

त्याच्यावर मला रागावता येईना, आणि तिला 'जपून गं' म्हटल्यावाचून राहवेना. तरीही लिहिते: दुकान दोघांचे. कुंचले आणि शिडी मुलीची.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई आणि त्या औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांचा बोर्ड अजून तोच आहे.
ठिकाण: खिडकीखालचे टेबल. सोमवार, दुकान बंद असण्याचा वार.
सही

सही केल्यावर सुचले, म्हणून साक्षीदारांसमोरच पुढे लिहिते. शिडी खालून धरण्याचे काम मुलाला देत आहे. ती वरून विचारेल, "कसं दिसतंय?" त्याने उत्तर बोर्डाकडे बघून द्यावे, तिच्या पायांकडे बघून नव्हे.