गटाचं उत्तर

पेण,
६ जानेवारी २०२५

प्रिय अनिताताईस,
सा. न. वि. वि.

हॉस्टेलात मोबाईल जमा केलेत, म्हणून पत्र. वर्गातल्या सुशीलने माझी केस स्टडी उतरवली आणि वर मॅडमना सांगितलं, किमयानेच माझी चोरली. माझे गुण कापले, तुला ठाऊक हाय. आता त्याची जिरवली बघ.

नर्सिंगला मॅडमनी नवी पद्धत काढलीय. पेपर आधी एकट्याने लिहायचा, मग तोच चौघांनी बोलून एकत्र. बोलताना चुका सुधारतात म्हणे. प्रश्न आला, डायलिसिसच्या पेशंटचं बीपी कुठल्या हातावर घ्यायचं? ज्या हातात डायलिसिससाठी शीर धमनीला जोडून दिलेली असते, त्याला पट्टा लावायचाच नाय, शीर बंद पडते. एकटीच्या पेपरात मी तेच लिहिलं. सुशील माझ्याच गटात, म्हणून तिथे मात्र म्हटलं, त्याच हातावर, तिथली शीर जोरात असते. गटातल्या माहिरा आणि आमनाने मान डोलावली. सुशीलने एकट्याच्या पेपरात तो प्रश्न सोडलेला. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मी ठणकावून व्हय म्हटलं. गटाचे गुण माझेही जातील, जाऊ देत. मॅडम रजेवर, उत्तरं सांगायची राहिलीत.

धाकटीवर माया असू दे.
किमया

अष्टमी, रोहा,
१० जानेवारी

चि. किमयास,
अ. उ. आ.

पत्र वाचून जीव थंडावला गो. तुझे भावोजी धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट करून आले, म्हणाले, हे बरं नव्हे. मी म्हटलं, तुम्ही जेवा. बाबांनी मिठागरात पाय सोलून तुला शिकवलं, ते चोरीचा ठपका घ्यायला नाय. निकाल लागला की त्याचं तोंड कसं झालं ते कळव. जेवण टाळू नको.

तुझ्याच बाजूची,
अनिता

पेण,
१७ जानेवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

निकालाच्या आधीच सुशीलची वॉर्डात ड्युटी लागली. हैबतराव म्हणून डायलिसिसचे पेशंट आहेत. त्याने जोडशिरेच्या हातालाच बीपीच्या मशीनचा पट्टा बांधला आणि ड्युटीभर तसाच ठेवला. शीर बंद पडली. आता डायलिसिससाठी मानेत नळी घातलीय.

मॅडमनी झापल्यावर तो म्हणाला, किमयाने सांगितलं होतं, तिचं कधी चुकत नाय. मॅडमनी माझा एकटीचा पेपर काढला. उत्तर बरोबर. माहिरा, आमना माझ्याकडे बघून गप्प राहिल्या. सुशील खोटा ठरला, त्याला घरी पाठवलं. मला हवं होतं ते सगळं झालं, ताई.

आज हैबतरावांनी मला विचारलं, बाय, ही शीर पुन्हा चालंल ना? मी व्हय म्हटलं.

हे वाचूनही लोभ ठेवशील का?
किमया