गणपती डिलीट करता येत नाही

२ डिसेंबर, मंगळवार
आजपासून शिस्त. कॉम्प्युटरवर प्रीसेटचा उकिरडा झाला आहे. ‘नवीन’, ‘नवीन चांगला’, ‘हाच घ्या’, ‘हाच घ्या खरा’. असल्या नावांनी माणूस वाया जातो.
सगळ्यांना देवांची नावे दिली. मारुती म्हणजे पखवाज. दत्त म्हणजे पेटी. सरस्वती म्हणजे बायकांचे आवाज. गणपती म्हणजे मुख्य बुवा. एकदा वाचले की कळते.
‘आवाज प्रसाद’ ग्रुपवर नव्या लोकांसाठी लिहिले: जाड आवाज किती, बारीक आवाज किती, ही मांडणी एकदा नीट लावून नाव देऊन जपून ठेवली की झाला प्रीसेट. तुम्ही माझी फाईल घेतलीत की तुमचे रेकॉर्डिंगही माझ्यासारखे लागेल. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे भजनी मंडळांचे साऊंडवाले आहेत ग्रुपवर. दोन वर्षे सगळे फुकट. प्रसाद विकत नसतात.
गावच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी म्हणायचे, जयवंत, तू नुसते ओठ हलव. राग नाही. देवापुढे गाता येत नाही तर गाणाऱ्याचा आवाज नीट पोचवावा. मला एवढीच सेवा दिली आहे. ती मात्र माझ्यासारखी कुणाला जमत नाही.

३ डिसेंबर
बिघडलेले प्रीसेट काढून टाकायला बसलो. कॉम्प्युटरने विचारले, ‘गणपती जुना’ कायमचा डिलीट करायचा का? हात आखडला.
‘विसर्जन’ नावाचे फोल्डर केले. एकेकाला हात जोडून त्यात सोडले. पुनरागमनाय च म्हटले. प्रत्येकासोबत नमुन्याचे रेकॉर्डिंग असते, तेही सोबत गेले. मूर्ती एकीकडे आणि मखर दुसरीकडे, असे बरे दिसत नाही.
अक्षता मागून बघत होती. म्हणाली, बाबा, यात कमी काय झालं? मुलीला श्रद्धेचे विषय कळत नाहीत.

४ डिसेंबर, दत्तजयंती
मोठी जबाबदारी आली. सीताराम बुवा माघी गणपतीनंतर कायमचे गावी जाणार. मुलगा तिकडे घर बांधून बसला आहे, आता मुंबईत कोण ठेवतो. दिंडोशीच्या आमच्या देवळात एवढी वर्षे संध्याकाळचा गजर त्यांचाच. मंडळाने ठरवले, गजर रेकॉर्ड करून ठेवायचा, माघी गणपतीपासून रोज आरतीआधी तोच लावायचा. माणूस गेला गावी तरी आवाज देवापाशी राहील.
रेकॉर्ड मी करणार. दुसरे कोण?
संध्याकाळीच केले. बुवा डोळे मिटून गायले. शेवटच्या चढीला माझ्याच अंगावर काटा आला. असे पुन्हा होणे नाही.

७ डिसेंबर
बुवांच्या गजरावर काम. कच्चा आवाज फारच बोथट. घोंगडी पांघरून गायल्यासारखा. मायक्रोफोन जुना झाला असावा. बारीक बाजू थोडी चढवली. मग अजून थोडी. मग एकदम शब्द न् शब्द मोकळा झाला. डोळ्यांत पाणी आले. नाव दिले ‘गणपती बुवा’. आयुष्यातला सर्वोत्तम प्रीसेट. लगेच ग्रुपवर टाकला.
जानकी स्वयंपाकघरातून काहीतरी बोलली. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते. जवळ येऊन म्हणाली, अहो, फ्रिजचं दार उघडं राहिलंय, केव्हाचा बोंबलतोय. मला तर फ्रिज शांतच दिसला. हप्त्याने घेतलेल्या वस्तूंबद्दल ती जरा हळवी आहे.

९ डिसेंबर
कॉम्प्युटर म्हणतो जागा संपली. काहीतरी काढावेच लागेल. विसर्जन फोल्डरला हात लावणे शक्य नाही. ‘ट्रॅक सात’, ‘ट्रॅक आठ’ अशा बिननावाच्या मोठ्या फाईली होत्या, त्यात बुवांचा कच्चा गजरही होता. तयार गजर हातात असताना कच्चा कशाला? जेवण झाल्यावर कोणी तांदूळ जपून ठेवत नाही. डिलीट केले. हलके वाटले.

१४ डिसेंबर
देवळात सगळ्यांना गजर ऐकवला. नीट झाला नाही.
बुवा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, मेल्या जयवंता, माझो आवाज खंय ठेवलंस? हयसर नुसते डास गातत. सगळे हसले. जानकीही हसली, ते मी पाहिले.
घरी येताना विचार केला. बुवा उगाच बोलणारे नाहीत. देवळामागे नाला आहे. डास खरेच असणार. रेकॉर्डिंगमध्ये आले असणार. माझी चूक एवढीच की आधी लक्षात आले नाही.

१६ डिसेंबर
ग्रुपवर बोरिवलीचा निलेश लिहितो, काका, तुमचा गणपती लावला, आमची झांज सुरीसारखी कापते, कान झाकून आरती केली. त्याखाली कुणी हसणारी तोंडे टाकली. दोघे ग्रुप सोडून गेले.
पण गोराईचे डॉमनिक अंकल, चर्चच्या कॉयरचे, वय एकाहत्तर, त्यांनी लिहिले, जयवंत, वर्ड टू वर्ड क्लियर, गॉड ब्लेस यू. मुलुंडचे निवृत्त दळवी मास्तर म्हणतात, अप्रतिम. जाणत्या वयाच्या लोकांना गोडी कळते. पोरांचे कान मोबाईलने खराब झाले.

२१ डिसेंबर, रविवार
डासांचा बंदोबस्त करून पुन्हा रेकॉर्ड. देवळाच्या हॉलच्या खिडक्या बंद. चारी कोपऱ्यांत डासांच्या अगरबत्त्या, शिवाय बुवांच्या बैठकीपाशी आणखी दोन. एकही डास नव्हता, हे मान्य करावेच लागेल.
बुवांनी पहिला आलाप घेतला आणि खोकले. पाणी दिले. पुन्हा खोकले. मग थांबलेच नाहीत. रुचिरा धावत येऊन खिडक्या उघडत सुटली. ही आमच्या मंडळाच्या पखवाजवाल्याची मुलगी, गोरेगावात मालिकांचा आवाज दुरुस्त करायची नोकरी करते. म्हणाली, काका, तुम्ही बुवांनाच मारताय का यार. मी काकांच्या वयाचा, आणि यार.

२४ डिसेंबर
बुवांचा आवाज पूर्ण बसला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने गाणे बंद. बोलणेसुद्धा बेताचे. माघी गणपती एक महिन्यावर.
बुवांनी मला पाटीवर खडूने लिहून दाखवले, ‘असांदे’. असू दे म्हणतात. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.
रुचिराचा फोन. म्हणाली, काका, टेन्शन नका घेऊ. पहिल्या दिवसाचं कच्चं रेकॉर्डिंग द्या, प्रीसेट लावायच्या आधीचं. मी करते नीट.
मी म्हणालो, आहे, सुरक्षित जागी आहे.

२५ डिसेंबर
सुरक्षित जागी नाही.

२८ डिसेंबर
कचऱ्याची टोपली, पेन ड्राईव्ह, जुना मोबाईल, सगळे पाहिले. अक्षताने काही प्रोग्राम चालवून हरवलेल्या फाईली शोधल्या. तिच्या बारशाचे फोटो सापडले. विसर्जन फोल्डरमधले सगळे गणपती जागेवर आहेत, एकाचाही केस वाकडा नाही. बुवांचा गजर तेवढा गेला.
गणपतीपुढे बसलो. म्हटले, तुझी नावे वाचवायला मी तुझाच गजर पुसला. त्याने काही उत्तर दिले नाही. किंवा दिले असेल.

२ जानेवारी
रुचिराचा पुन्हा फोन. उचलला नाही. नव्या वर्षाचा संकल्प: खरे बोलणे. सोमवारपासून.

६ जानेवारी, अंगारकी
उपास. मंडळाची बैठक. माघीला साऊंड रुचिरा बघणार असे ठरले. कुणी मला वाईट बोलले नाही. दरवर्षी दरवाजापाशी चपलांवर लक्ष ठेवायला कोणीतरी लागतेच, असे अध्यक्ष म्हणाले.
घरी अक्षताने मोबाईल पुढे धरला. म्हणाली, बाबा, आवाज ऐकू आला की हात वर करा. बराच वेळ वाट पाहिली. शेवटी म्हटले, अगं, लाव तरी. तेवढ्यात जानकी दोन्ही कानांवर हात ठेवून गॅलरीत गेली. कुत्रा कोणाचा तरी भुंकायला लागला.
अक्षता हसली नाही. मोबाईल बंद करून माझ्या शेजारी बसून राहिली. मोबाईल खराब आहे, असे मी म्हणालो. ती बरं म्हणाली.

१० जानेवारी, शनिवार
मालाडला कानाच्या दवाखान्यात. अक्षतासाठी गेलो. तिचे समाधान.
शीतल मॅडमनी काचेच्या खोलीत बसवून बटण दिले. शांत खोली. मन रमले. नंतर त्यांनी कागद दाखवला. डावीकडे ढोलासारखे जाड आवाज, उजवीकडे टाळासारखे बारीक. माझी रेघ डावीकडे सरळ चालते आणि मग घाट उतरावा तशी खाली जाते. वयाने होतं, तुमचं जरा लवकर झालं, असे म्हणाल्या.
रेघ ओळखीची वाटली. मोबाईलमध्ये ‘गणपती बुवा’ प्रीसेटच्या रेघेचे चित्र होते, ते काढून शेजारी ठेवले. तीही डावीकडे सरळ चालते. मग त्याच जागेवरून, तेवढीच, वर चढते. आमच्या गावी तळ्याकाठी देऊळ आहे. वर कळस आणि पाण्यात उलटा कळस. तसे दिसले.
मॅडमनी विचारले, हे कुठलं मशीन? मी म्हणालो, हा प्रसाद.

११ जानेवारी
म्हणजे दोन वर्षे मी लोकांना माझा बहिरेपणा वाटत होतो. हात धुऊन, देवाचे नाव घेऊन. आणि डॉमनिक अंकल, दळवी मास्तर... त्यांना कोण सांगणार?
आज ग्रुप उघडला नाही. जानकीने काही विचारले. दोनदा विचारायला लावले. तिसऱ्यांदा ती समोर येऊन बसली आणि सावकाश म्हणाली, अहो, जाऊन सांगा त्या पोरीला.

१२ जानेवारी, सोमवार
सांगितले. कच्चे रेकॉर्डिंग नाही, मीच डिलीट केले. कानाचा कागदही दाखवला. रुचिरा म्हणाली, काका, वाट लागली. मग कागदाकडे बघतच राहिली. म्हणाली, थांबा, तुम्ही जेवढं चढवलंय तेवढंच उतरवलं तर? प्रीसेट आहे ना जपलेला?
आहे. विसर्जनातसुद्धा घातलेला नाही.
तिने प्रीसेटची रेघ पाण्यातल्या कळसासारखी उलटी केली आणि गजरावर लावली. झाली अगदी माझ्या कानाच्या कागदावरची रेघ. मला पुन्हा घोंगडीतून आल्यासारखे वाटले. म्हटले, बिघडला ना? ती म्हणाली, काका, झकास, बुवाच आलेत. तिचे डोळे पाहून विश्वास ठेवला.
नाव देताना तिने ‘गणपती उलटा’ टाईप केले. मी हात धरला. देवाला उलटे करू नये. मग तात्पुरते ‘जयवंतकाका’ ठेवले.

२२ जानेवारी, माघी गणेश जयंती
दरवाजापाशी चपला सांभाळल्या. गजर लागला. बुवा गाभाऱ्याजवळ बसले होते. डॉक्टरांना न जुमानता बोलले, ह्यो मीच मा! मग मागे वळून कोणाला तरी शोधत होते. मी चपलांमागे होतो. जरा वाकून उभा राहिलो.
कुणाची एक चप्पल हरवली. तेवढे सोडल्यास कार्यक्रम उत्तम.

२५ जानेवारी, रविवार
बुवा काल गावी गेले. आज कानात यंत्र बसवले. शीतल मॅडमनी त्यात बारीक बाजू चढवली आहे. कुठली रेघ ते विचारले नाही, माहीत आहे.
फ्रिज खरेच ओरडतो. उठून दार लावले. जानकीने पाहिले. ती तोंडातल्या तोंडात बोलतही नाही. चांगले मोठ्याने बोलते आणि बरेच बोलते.
डिसेंबरमधला माझा गजर लावून ऐकला. बुवा खरे म्हणाले होते. डास होते.
ग्रुपवर सगळे कबूल केले. निलेशने लिहिले, काका, आमच्या अख्ख्या डिसेंबरच्या रेकॉर्डिंगला तुमचे देव लागलेत, उतारा द्या. रुचिराने ‘जयवंतकाका’ टाकला. दुपारपर्यंत जवळजवळ सगळ्या मंडळांनी घेतला. माझा एवढा कुठलाच प्रीसेट कधी कुणी घेतला नव्हता. फक्त डॉमनिक अंकल म्हणतात, आवाज दबतो, जुनाच बेस्ट. त्यांना मालाडच्या दवाखान्याचा पत्ता पाठवला.
संध्याकाळी रुचिराचा फोन आला. म्हणाली, काका, तुमच्या पद्धतीने याला पण एखाद्या देवाचं नाव देऊया का?
नको म्हणालो. माझेच राहू दे. उद्या कुणाला नकोसा झाला तर डिलीट तरी करता येईल.