स्टुडिओतली आईची गोधडी

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

आज रेडिओचं प्रात्यक्षिक होतं. बोलता आलं नाही तर कॉलेज सोडायचं, असं मी सकाळीच ठरवलं होतं. साठीत कम्युनिकेशनची पदवी घ्यायला निघाले, आणि माइक दिसला की घसा बंद! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी ओठांवर ठेवायला लावलेलं बोट अजून तिथंच आहे की काय?

आमचा स्टुडिओ म्हणजे खरं तर अडगळीची खोली. आवाज घुमू नये म्हणून आम्ही वर्गातल्यांनी घरून गोधड्या आणून भिंतींना लावल्यात. माझ्या आईची अगदी समोर आहे, तिच्या हिरव्या लुगड्याची.

लाल दिवा लागला आणि मी गप्पच. सरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. तेव्हा उरणची प्रणाली, माझी वर्गमैत्रीण, म्हणाली, "मावशी, माइककडं नको, गोधडीकडं बगून बोला. ती काय मार्क कापनार नाय."

हसूच आलं. मग त्या हिरव्या तुकड्याकडे बघत आईबद्दल बोलत सुटले, ती थेट सरांनी वेळ संपल्याचा हात वर करेपर्यंत. ही पोरगी मला कुठून भेटली!

निघताना सर म्हणाले, "मॅडम, थंडी सुरू झाली. गोधडी घरी न्यायचीय का?"

"राहू द्या, सर. ती अजून दोन वर्षं इथंच लागेल मला."