मागची दोन चाकं

३ मार्च, रविवार, दुपारी ४
ट्रॅकवरची आजची माझी सर्वात चांगली फेरी: एक मिनिट एकेचाळीस सेकंद. साडूची: एक छत्तीस. साडूची गाडी माझ्याहून जुनी, इंजिन लहान, सीटवर कुत्र्याचे केस. तरी तो पुढे. यात त्याचं कर्तृत्व शून्य. माझ्या इंजिनची ताकदच एवढी आहे की मागच्या टायरना ती पेलवत नाही. दोनशे पंचवीस रुंदीचे टायर! हत्तीच्या पायात स्लिपर.

निर्णय: मागे रुंद रिम, त्यावर दोनशे पासष्टचे टायर. पुढचे आहेत तेच. पुढची चाकं काय, नुसती वळायला असतात.

५ मार्च
टायरवाल्याकडे गेलो. काडीसारखा माणूस, दर वाक्यात मिलिमीटर. यापुढे त्याचं नाव मिलिमीटरच. त्याने आधी विचारलं, वळणावर गाडी मागून घसरते की पुढून सरळ जाते? मी म्हटलं, मागून. (खरं म्हणजे पुढून सरळ जाते. पण ते सांगितलं असतं तर हा पुढच्या टायरचं पुराण लावून बसला असता.)

तरी लावलंच. म्हणे, रोजच्या रस्त्याला आणि ट्रॅकला एकच गाडी वापरता, तर चारही चाकं एका मापाची ठेवा. झिजली की पुढची मागे, मागची पुढे करता येतात. नुसती मागची पकड वाढवलीत तर गाडीचं नाक वळायला आणखी कुरकुर करेल. दुकानदार असून माल विकायची इच्छा नाही. असे लोक धंद्यात कशाला पडतात?

शेवटी म्हणाला, निदान मोजू द्या. आत सस्पेन्शनपर्यंत किती जागा आहे, बाहेर पत्र्यापर्यंत किती. मी म्हटलं, मी मोजून आणतो. वीस वर्षं माझं पडद्यांचं दुकान आहे. आख्ख्या शहराच्या खिडक्या मोजल्यात मी.

७ मार्च, सकाळी ७
पार्किंगमध्ये गाडीखाली आडवा झालो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, बंद पडली का? दुकानातली टेप आत नीट वळत नव्हती, त्यामुळे शेवटचा आकडा अंदाजाने. अंदाज जरा सढळ धरला. पडद्याचा नियमच आहे. कमी पडलेला पडदा दरिद्री दिसतो, जास्त झालेला श्रीमंत.

मिलिमीटरला फोनवर माप सांगितलं. त्याचा प्रश्न: गाडीत माणसं बसलेली असताना घेतलंत का? खिडकीचं माप घेताना आपण खिडकीत माणसं बसवतो का?

१४ मार्च
बसली चाकं. मागून गाडी अशी दिसते की बघत राहावं. राहिलो. दुकानातून जेवायला घरी आलो तेव्हा तीन वेळा, परत जाताना दोन वेळा. वॉचमनने विचारलं, साहेब काही हरवलंय का?

बायकोने खाली येऊन एक प्रदक्षिणा घातली. म्हणाली, पुढून आपली वाटते, मागून दुसऱ्याची. कौतुक असं आडूनच करते ती.

आणखी एक फायदा: आरसा थोडा आत आणि खाली वळवला की चालवताना टायरचा फुगवटा दिसतो.

१७ मार्च, रविवार
सासूबाई आणि त्यांची बहीण यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दोघी मागे बसल्या आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला घर्रर्र. मग प्रत्येक खड्ड्याला घर्रर्र. रबर जळल्याचा वास. सासूबाईंनी विचारलं, मिक्सर चालू आहे का कुठे?

दोघींनी स्पीडब्रेकरच्या अलीकडे उतरून पलीकडे बसावं, अशी अगदी नम्रपणे विनंती केली. दोनदा उतरल्या. तिसऱ्यांदा उतरल्या त्या टॅक्सीत बसल्या. डोळ्यांत औषध घालून परत येतानाही टॅक्सीच.

बायको बोलत नाही. शर्यतीसाठी त्याग करावा लागतो हे या घराण्याला कोण समजावणार?

नवा नियम: मागच्या सीटवर कोणीही बसायचं नाही.

२० मार्च
मिलिमीटरने टायरला घासणारी पत्र्याची आतली कड यंत्राने वळवून दिली. 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. हरलेला माणूस गप्पच असतो. जाताना एवढंच म्हणाला की ट्रॅकवर पहिल्या वळणाला सांभाळा. हो म्हटलं.

संकल्प: ३१ तारखेच्या रविवारपर्यंत रोज वीस जोर.

२१ मार्च
हात वर जात नाहीत. शेवटी पळायचं गाडीला आहे, मला नाही. जोर बंद.

३१ मार्च, रविवार, संध्याकाळी ६
सविस्तर लिहायची इच्छा नाही, पण नोंद हवी.

पहिली फेरी: पहिल्या वळणाला स्टिअरिंग फिरवलं, गाडीने ऐकलंच नाही. सरळ वाळूत. ट्रॅक्टरने ओढून काढली. ऊन डोळ्यांवर होतं. शिवाय साडू नेमका त्या वळणावर उभा. दुसरी फेरी: एक चव्वेचाळीस. म्हणजे आधीपेक्षा तीन सेकंद जास्त. घड्याळ तपासायला सांगितलं. तपासलं. बरोबर होतं.

तिथे शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. पन्नाशीच्या, पायात साध्या चपला असतात तसे सपाट बूट. म्हटलं, गाडीत दोष आहे, तुम्हीच बघा. त्या बसल्या, मी शेजारी. मला वाटलं त्या हळूच चालवतायत. वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक, मग अलगद वळणं. एक चौतीस. साडूपेक्षा दोन सेकंद कमी. याच चाकांवर.

मी विचारलं, काय दोष सापडला?

"नाक थोडं जड आहे. बाकी गाडी छान आहे," त्या म्हणाल्या.

"मग माझं काय चुकतं?"

"गाडी छान आहे," त्या पुन्हा म्हणाल्या. आणि बेल्ट सोडता सोडता, "वळणावर तुम्ही आरशात काय बघत होतात? मागे तर कोणीच नव्हतं."



साडू चिडवायला येईल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. तो आला, चाकांकडे बघून छान दिसतात म्हणाला आणि मी बुटांतली वाळू झाडेपर्यंत माझा हात धरून उभा राहिला. तयार उत्तर वाया गेलं.

१ एप्रिल
बायको पंधरा दिवसांनी बोलली. मॅडमच्या नवशिक्यांच्या वर्गात माझं नाव घातलंय म्हणाली. मी हसलो. ती नाही हसली.

७ एप्रिल, रविवार, सकाळी ११
वर्ग. एक मोकळं पटांगण, त्यात रबरी शंकू. स्वतःची गाडी चालत नाही, त्यांचीच घ्यायची. टायर माझ्या मनगटाएवढे. वर्गात तिघं: एक निवृत्त ग्रंथपाल बाई, गेल्या महिन्यात लायसन्स मिळालेला एक नवरदेव आणि मी. वेग तीसच्या वर नाही.

ग्रंथपाल बाईंनी एकही शंकू पाडला नाही. नवरदेवाने एक. मी सहा, आणि त्यातला एक गाडीखाली अडकून मॅडमच्या टेबलापर्यंत आला.

पाणी पिताना बाई शेजारी येऊन बसल्या. हळू आवाजात, इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, वळताना जिथे जायचंय तिकडे बघायचं, मग हात आपोआप जातात.

मी म्हटलं, माहीत आहे मला.

माहीत नव्हतं.