स्वादुपिंडात स्वाद नसतो

दादा,

काल बहीण समोर बसलेली असतानाही तू तिला "ती" म्हणालास. "तिनेच साय चाटवून मांजर मरणाच्या दारात नेलं," असं आईला फोनवर सांगितलंस. म्हणून ही चिठ्ठीही "ती"च लिहिते आहे.

ती बाईसाहेबांना मांजराच्या टोपलीत घालून दवाखान्यात गेली आहे. डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या स्वादुपिंडाला सूज आहे म्हटलं, आणि तू "स्वाद" एवढंच ऐकलंस. "म्हणजे खाण्यानेच बिघडणार," म्हणालास. अरे, तो काही मराठीचा तास नव्हता. ते पिंड पाचकरस तयार करतं.

स्वादुपिंडाच्या काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा निकाल सकाळी आला. ज्या पांढऱ्या पेशींनी रोगाशी लढायचं, त्या बाईसाहेबांच्याच स्वादुपिंडात घुसून बसल्या आहेत. शरीराने घरच्यालाच शत्रू समजलं असावं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असावं"च म्हणाल्या, मांजरांत कारण बहुतेकदा सापडतच नाही. सायीचं नाव त्यांनी घेतलं नाही. तुझ्या बहिणीने मुद्दाम दोनदा विचारलं.

आता प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देऊन बघायचं आहे. त्यात धोका आहे, आणि कागदावर मालक म्हणून तुझं नाव आहे. बारापर्यंत दवाखान्यात येऊन सही कर.

माफी मागू नकोस, तुला ते जमत नाही. पिंजऱ्यापाशी बसून बाईसाहेबांवर नेहमीसारखा खेकस. तीन दिवस त्या कुणाच्याही हातून खात नाहीयेत, पण तुझा आवाज आला की, काय करणार, घासासाठी तोंड उघडतात.