टोपीखालचा नंदी

नागपूर,
१४ सप्टेंबर १९६९

तीर्थस्वरूप रुपरावदादा,

तुमच्या धाकट्या, भांडखोर शामलाचा वाकून नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला तेल लागू पडलं का? इकडे सगळे बरे आहेत. पोरांचा तान्हा पोळा परवा झाला. तुम्ही यंदाही आला नाहीत, तेव्हा आता पारशिवनीला बसून माझं ऐका.

यंदा नत्थू सुताराने चंद्रावरचा नंदी केला! रागावू नका, आधी वाचा. माणूस चंद्रावर उतरल्याचं ऐकून त्याने नेहमीच्याच चाकांच्या लाकडी बैलाला चंदेरी झगा चढवला आणि तोंड झाकणारा गोल लाकडी टोप. मी पाहताक्षणी घेतला. आमचे शेजारी मधुकरराव, तेही आपल्यासारखे नंदी जमवणारे, नाक मुरडून म्हणाले, "शामलाबाई, हा नंदी होय का लोणच्याची बरणी?" त्यांच्या कपाटात बिनरंगाच्या सागवानाशिवाय कोणाला जागा नाही. तुमचं त्यांच्याशी छान जमेल. मी मात्र म्हणते, दर साली नवा वेश हवाच. त्या साली आपण काय पाहिलं, ते नंदीच्या अंगावर राहतं.

आमची नात कौसल्या दोरी धरून मिरवायला निघाली. गल्लीच्या तोंडाशी चाक दगडाला अडलं, नंदी कोलमडला आणि टोप निघून घरंगळत गेला. दादा, मी बघतच राहिले. मला वाटलं होतं, आत नुसता ठोकळा असेल. आत पुरं तोंड होतं! कान, नाकपुड्यांच्या वळ्या, कपाळावरचा भोवरा, अगदी बाबांनी आपल्याला दिलेल्या पहिल्या नंदीसारखा. जे कोणाला कधी दिसायचंच नव्हतं, तेही त्याने कोरलं होतं. मधुकररावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

नत्थूला विचारलं, "काहून केली गा एवढी मेहनत? झाकूनच टाकाचं होतं ना?"

"बाई, पयले नंदी पुरा करा लागते. वेश मंग. वेश उतरला त नंदी उरला पाह्यजे ना!"

घरी आले ती थेट कपाटाशी गेले. नत्थूनेच केलेला तो फौजी वेशातला नंदी तुम्हाला आठवत असेल. आपला गोविंदा लढाईवरून परतला नाही, त्याच्या पुढच्या पोळ्याला मी तो पाटावर पूजेला मांडला होता. तुम्ही म्हणालात, "नंदी नंदीसारखाच पाह्यजे वं. असे नाटकं मले नाई चालत." आणि न जेवता निघालात. तेव्हापासून आपण पत्रांतून नंदीच्या वेशावर वाद घालतो, आणि गोविंदाचं नाव दोघंही काढत नाही. तुमचा मुलगा होता तो, दादा, पण पोळ्याला माझ्याच अंगणातून नंदी ओढायचा. मला त्याची फार आठवण येते.

फौजी नंदीची टोपी मी हलक्या हाताने फिरवली. निघाली. खाली तोच भोवरा, तेच शांत डोळे. रजेवर आला की गोविंदा आधी टोपी खुंटीला अडकवायचा आणि म्हणायचा, "आत्या, भूक लागली वं."

नंदी आता पाटावर आहे, उघड्या डोक्याने. टोपी शेजारी ठेवली आहे. ती पुन्हा चढवायची की नाही, हे गोविंदाच्या बापाने ठरवायचं. तोवर मी तिला हात लावणार नाही.

या, आणि या वेळी जेवून जा.

गोविंदाची आत्या,
शामला